रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या: काय उचलायचं, काय सोडायचं

काडतुसाचे चार भाग असतात: गोळी, दारू, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) आणि पितळेची पुंगळी. चाप ओढला की पहिल्या तिघांचं काम संपतं, पुंगळी मात्र पायाशी येऊन पडते. नवीन विकत घ्यायची म्हटलं तर चौघांत सहसा तीच महाग. नीट निवडली तर पिस्तुलाची पुंगळी कितीतरी वेळा पुन्हा भरता येते. म्हणूनच अमेरिकेतल्या नेमबाजीच्या रेंजवर काही मंडळी नेम झाला की बादली घेऊन वाकलेली दिसतात.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि नुकतंच नेमबाजीला लागलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. रेंजवरून पुंगळी उचलण्यापासून ती स्वच्छ, निवडलेली, तपासलेली अशी डब्यात जाईपर्यंतचंच इथे सांगितलंय. दारू मोजणं, गोळी बसवणं हे वेगळं शास्त्र आहे. त्यासाठी छापील रिलोडिंग (पुंगळी पुन्हा भरण्याचं) मॅन्युअल हवंच, आणि जमलं तर एनआरए या अमेरिकन बंदूक संघटनेचा मेटॅलिक कार्ट्रिज रिलोडिंगचा वर्ग करा.

व्हिसावर असाल तर आधी हे वाचा

अमेरिकेच्या संघीय कायद्यात 'ॲम्युनिशन' म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हे सुटे भागही त्या व्याख्येत येतात. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा ॲम्युनिशन जवळ बाळगायला बंदी आहे. कायद्यात काही अपवाद दिलेत. आपल्या लोकांना त्यातला सर्वांत उपयोगी पडणारा म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना, म्हणजे हंटिंग लायसन्स. तो नसेल तर रिकाम्या पुंगळ्यांची पिशवीसुद्धा गाडीत ठेवू नका. परवाना असेल तर त्याची मुदत कधी संपते ते लक्षात ठेवा, कारण मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही बंदी लागू नाही.

राज्याचे नियम याखेरीज. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात पुंगळ्या बाळगायलाही राज्याचा बंदूक परवाना लागतो. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. रेंजवरच्या ओळखीच्या माणसाचं 'काही होत नाही रे' इथे धरून चालू नका. चार मुठी पितळेसाठी व्हिसा पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

उचलण्याआधी विचारा

जमिनीवर पडलेलं सगळं कोणाच्याही मालकीचं नसतं, असं अजिबात नाही. बऱ्याच बंदिस्त रेंज पितळ स्वतः गोळा करून विकतात. तुमच्या बंदुकीतून उडालेल्या पुंगळ्या तुम्ही नेऊ शकता, पण एकदा फायरिंग लाइनच्या पुढे गेल्या की त्या रेंजच्या, असा नियम अनेक ठिकाणी असतो. काही ठिकाणी काहीच नेता येत नाही. पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारून घ्या. शेजारचा माणूस नेम धरत असेल तर त्याच्या पुंगळ्यांना हात लावू नका. त्याचं झालं, त्याने बंदूक ठेवली, कानावरचे मफ काढले, की विचारा, 'तुम्ही तुमचं पितळ ठेवता का?' स्वतः रिलोड न करणारा माणूस बहुतेक वेळा आनंदाने 'घेऊन जा' म्हणतो, आणि पुढच्या वेळी आपणहून ढीग लावून ठेवतो. रेंजच्या बादलीत टाकलेल्या पुंगळ्या मात्र रेंजच्या. त्यात हात घालू नका.

रेंज 'हॉट' असताना, म्हणजे गोळीबार चालू असताना, लाइनच्या पुढे हातसुद्धा जाता कामा नये. अगदी बोटभर पुढे पडलेली पुंगळी असली तरी नाही. काठीनेही ओढू नका. मोकळ्या मैदानावरच्या रेंजवर ठरावीक वेळाने सीझफायर होतो: सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या, ॲक्शन (काडतूस आत-बाहेर करणारा भाग) उघडं, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) रिकामी असल्याची खूण म्हणून फ्लॅग, आणि सगळे लोक बाकांपासून मागे. रेंज सेफ्टी ऑफिसरने 'कोल्ड' म्हणून पुकारा केला की मगच पुढे जायचं. त्या वेळात बाकावर ठेवलेल्या बंदुकीला, स्वतःच्याही, स्पर्श करायचा नाही. खाली वाकलेल्या माणसाच्या मागे कोणी बंदूक हाताळतंय ही गोष्ट कुठल्याही रेंजवर खपवून घेतली जात नाही, आणि घेऊही नये.

बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या संघीय खात्याच्या) किंवा नॅशनल फॉरेस्टच्या मोकळ्या जमिनीवर, जिथे नेमबाजीला परवानगी आहे तिथे, मामला उलटा. आपला कचरा उचलून नेणं तिथे बंधनकारकच आहे. तिथे पितळेबरोबर स्टीलच्या पुंगळ्या, शॉटगनची प्लास्टिकची टरफलं, फाटलेली टार्गेटं, सगळं उचला. आधीच्या लोकांचंही उचला. अशा जागा बंद होतात त्या लोकांनी केलेल्या घाणीमुळेच.

उचलताना

बंद बूट, गळाबंद टी-शर्ट आणि टोपी. नुकती उडालेली पुंगळी चांगलीच चटका देते. ती कॉलरमधून आत गेली की माणूस हातात भरलेली बंदूक असताना उड्या मारतो, आणि खरा धोका तो आहे. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं आणि त्याची शिसेयुक्त काजळी पुंगळीला आत-बाहेर चिकटलेली असते.

साधनं फारशी लागत नाहीत. गवतावर किंवा खडीवर तारेच्या पिंजऱ्याचा रोलर बरा पडतो: तो फिरवत न्यायचा, पुंगळ्या तारांमधून आत जातात. रायफल सहसा एकाच बाजूला पुंगळ्या फेकते, तेव्हा तिथे ताडपत्री नाहीतर जुनी चादर अंथरली तरी भागतं. काँक्रीटवर रबरी वायपरने ओढून ढीग करता येतो. कोरड्या केरसुणीने जोरात झाडू नका, शिशाची धूळ उडून नाकात जाते.

वजनाचा अंदाज असू द्या. ९ मिमी, .२२३ ही काडतुसांच्या मापांची नावं. ९ मिमीची एक पुंगळी साधारण ४ ग्रॅमची, .२२३ ची ६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ९ मिमीच्या हजार पुंगळ्या झाल्या ४ किलो. मोठी बादली गच्च भरली तर उचलताना कंबर धरेल.

आणि प्रत्येक मुठीत एक गोष्ट शोधा: जिवंत काडतूस. प्रायमरवर खूण उमटलेली पण न उडालेली, किंवा कोणाच्या हातून घसरून पडलेली काडतुसं पुंगळ्यांमध्ये हमखास सापडतात. ती खिशात घालू नका. रेंजवर त्यासाठी वेगळा 'डड' डबा असतो, त्यात टाका किंवा ऑफिसरच्या हातात द्या.

निवडणं: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

नवा माणूस किती गोळा केलं ते सांगतो, जुना माणूस किती टाकून दिलं ते. माझ्या मते या सगळ्या कामात शिकण्यासारखं कौशल्य एकच आहे, आणि ते म्हणजे नको असलेली पुंगळी नजरेला येणं. आपल्याकडे परातीत तांदूळ घेऊन खडे निवडतात, त्याच चिकाटीने हे करायचं: चांगला उजेड, पसरट थाळा, घाई नाही.

आधी लोहचुंबक फिरवा. स्टीलच्या पुंगळ्या चटकन चिकटतात. काही स्टीलच्या पुंगळ्यांवर पितळेचा मुलामा असतो, डोळ्याला त्या पितळच वाटतात, चुंबक मात्र फसत नाही. मग चंदेरी दिसणाऱ्या बाजूला घ्या. त्यात दोन जाती असतात. निकेलचा मुलामा दिलेली पितळेची पुंगळी चकचकीत आणि जड असते आणि ती भरता येते. ॲल्युमिनिअमची मंद राखाडी, हातात घेतल्यावर लगेच हलकी लागते. ती बाद. .२२ ची रिमफायर पुंगळीही बाद, कारण तिचं प्रायमिंग द्रव्य काठाच्या आतच भरलेलं असतं, प्रायमर बदलता येत नाही.

उरलेल्या पितळेच्या पुंगळ्या मापाप्रमाणे वेगळ्या करा, आणि हे धुण्याआधी करा. ९ मिमीची पुंगळी .४० च्या आत जाऊन बसते, .४० ची .४५ च्या आत. एकदा धुताना अडकल्या की आतली घाण तशीच राहते आणि काढताना तोंडं वाकतात. भोकाभोकांच्या चाळण्यांचा संच मिळतो, तो एकावर एक ठेवून हलवला की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं डोळ्यांचं.

चाळणी फसते ती अशी. .३८० ऑटोची पुंगळी ९ मिमीसारखीच दिसते, पण ती १७.३ मिमी लांब, तर ९ मिमी लुगरची १९.१५. दोघींच्या मधे ९ मिमी मकारोव्ह, साधारण १८.१. ओळीने उभ्या केल्या की बुटकी लगेच दिसते. शंका आली तर व्हर्नियर कॅलिपर लावा. .४५ ची अडचण वेगळी. बहुतेक .४५ ला मोठा प्रायमर असतो, पण काही कंपन्या लहान प्रायमरच्या काढतात. ढिगात तशी एखादी राहिली तर रिलोडिंगच्या प्रेसवर नवा मोठा प्रायमर लहान खळगीत कोंबला जातो, आणि तो तिथेच फुटू शकतो. म्हणून .४५ ची प्रत्येक पुंगळी उलटी करून बूड बघा.

.२२३ आणि .३०० ब्लॅकआउट यांच्याबाबत फार कडक राहा. .३०० ची पुंगळी अनेकदा .२२३ च कापून, तोंड मोठं करून बनवलेली असते. त्यामुळे बुडावर .२२३ लिहिलेलं असतं पण लांबी ३४.७ मिमी भरते, खऱ्या .२२३ ची ४४.७. ही दोन मापं एका घरात, एका बाकावर मिसळता कामा नयेत. .३०० चं भरलेलं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये उडालं तर रायफल फुटते. वेगळे डबे आणि वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या ठेवा.

बुडावरची अक्षरं

पुंगळीच्या बुडावरच्या ठशाला हेडस्टॅम्प म्हणतात. एफसी म्हणजे फेडरल, विन म्हणजे विंचेस्टर, आर-पी म्हणजे रेमिंग्टन, एस अँड बी म्हणजे चेक सेलिअर अँड बेलो, सीबीसी ब्राझीलची. एलसी म्हणजे मिसूरीतला लेक सिटीचा लष्करी कारखाना; त्याशेजारचे दोन आकडे सालाचे, २१ असेल तर २०२१. वर्तुळात अधिकाचं चिन्ह दिसलं तर ते नाटोचं. अशा लष्करी पुंगळ्यांमध्ये प्रायमर निसटू नये म्हणून भोवतीचं पितळ दाबून बसवलेलं असतं, त्याला क्रिंप म्हणतात. ते काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही. स्वेजर किंवा रीमर लागतो. पुंगळी चांगली असते, फक्त काम एक पायरीने वाढतं. त्या वेगळ्या ठेवा.

कधीतरी जुन्या .३०३ च्या पुंगळीवर 'केएफ' दिसतं. ते पुण्याच्या खडकीचं, किर्की फॅक्टरीचं. खडकीचा हा कारखाना १८६९ पासूनचा. ७.६२ वर 'ओएफव्ही' असेल तर ते जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. लष्कराच्या शिलकी मालातून हे सगळं इथवर आलेलं आहे. टेक्सासच्या धुळीत वरणगावची पुंगळी हाताला लागते तेव्हा मला फार बरं वाटतं, तरीही खडकीच्या जुन्या .३०३ रिलोडिंगला घेऊ नका, कारण त्या बर्डन जातीच्या असतात.

बर्डन आणि बॉक्सर हा फरक समजून घ्या. प्रायमर पेटतो तो आतल्या ऐरणीवर आपटून. बॉक्सर जातीत ही ऐरण प्रायमरमध्येच असते, आणि पुंगळीच्या बुडाला आतून पाहिलं तर मधोमध एकच छिद्र दिसतं. त्यातून पिन घालून जुना प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. बर्डन जातीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि छिद्रं दोन, बाजूला सरकलेली. तिथे पिन घातली तर ती वाकते किंवा तुटते. १८६० च्या दशकात बॉक्सर काढला एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाने आणि बर्डन काढला हायरम बर्डन या अमेरिकनाने. पण अमेरिकेत चालला इंग्रजाचा प्रायमर आणि युरोपात अमेरिकनाचा. टॉर्च लावून आत डोकावा, दोन छिद्रं दिसली की बाजूला टाका.

डोकावताना आतल्या भिंतीवर पायरी दिसते का तेही पाहा. ९ मिमीच्या काही छापांमध्ये आत एक कंगोरा असतो. त्याने आतली जागा कमी होते, आणि कंगोऱ्यापाशी पुंगळी तुटण्याची भीती राहते. तशी दिसली तर टाका.

तपासणी

दोन-तीन पुंगळ्या तळहातावर घेऊन एकमेकींवर खुळखुळवा. धड पुंगळी स्वच्छ किणकिणते. तोंडाला चीर गेलेली असेल तर आवाज बसका, फुटक्या मडक्यासारखा येतो. कान एकदा तयार झाला की चीर डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळते. मग ती शोधून बाहेर काढा.

रायफलच्या पुंगळीत खरी भीती बुडाजवळची. पुंगळी दर वेळी ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते. बाहेरून तिथे एक उजळ कडं दिसू लागतं. आतून खात्री करायला कागदाची क्लिप सरळ करा, टोकाला छोटा आकडा काढा, आणि तो आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढा. खोबणीत अडकल्यासारखं लागलं तर ती पुंगळी पुढच्या वेळी दोन तुकडे होणार.

.४० च्या पुंगळ्यांमध्ये बुडाच्या वर एका बाजूला फुगवटा दिसतो, जिथे चेंबरचा आधार कमी पडलेला असतो. थोडा फुगवटा साइझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून मूळ मापात आणणाऱ्या साच्यात) जातो. पण तिथे हसऱ्या तोंडासारखी घडी उमटली असेल तर पितळ तुटायला आलंय. प्रायमरची खळगी सैल झालेली असेल किंवा प्रायमरभोवती काळा धूर निघाल्याच्या खुणा असतील तर तीही बाद.

पावसात पडून काळी-तपकिरी झालेली पुंगळी वाईट नसते, धुतली की निघते. हिरवा गंज खोलवर गेला असेल तर टाका. गुलाबी डाग दिसले तर नक्की टाका. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. जस्त निघून गेलं की मागे उरतं ते गुलाबी, सच्छिद्र, दुबळं तांबं.

रेंजवरून उचललेल्या पुंगळीचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. ती एकदा उडाली की सातदा, सांगता येत नाही. म्हणून माझा नियम: सापडलेलं पितळ पिस्तुलाच्या साध्या सरावासाठीच. जोरदार भाराची रायफलची काडतुसं करायची असतील तर स्वतःच्या, पहिल्यापासून हिशेब ठेवलेल्या पुंगळ्या वापरा.

धुणं आणि वाळवणं

हे काम गॅरेजमध्ये किंवा अंगणात. स्वयंपाकघरात नाही, मोरीत नाही, ज्या भांड्यात जेवण होतं त्यात तर अजिबात नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर शिशाबाबत दुप्पट काळजी. रेंजवरचे बूट दाराबाहेर काढायची आपली सवय इथे फार कामाची आहे. कपडे वेगळे धुवा. हात आणि तोंड गार पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय खाणं-पिणं नाही. नेहमी हे काम करणार असाल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या.

सोपी पद्धत अशी: युनिव्हर्सल डीकॅपिंग डायने उडालेले प्रायमर आधी काढून टाका, म्हणजे खळगीही धुतली जाते आणि पाणी साचत नाही. मग गरम पाणी, भांड्यांचा पातळ साबण थोडासा, आणि अगदी चिमूटभर सायट्रिक ॲसिड. रोटरी टंबलरमध्ये (गरगर फिरणाऱ्या पिंपात) स्टीलच्या बारीक पिनांबरोबर फिरवलं की आतूनही लखलखतात. नंतर प्रत्येक पुंगळीतून पिना निघाल्या का ते पाहा, छिद्रात अडकून बसतात. कोरड्या पद्धतीत मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुसा वापरतात. तेव्हा ड्रायर शीटच्या पट्ट्या भुशात टाका, त्या धूळ धरतात, आणि झाकण उघडायचं ते मोकळ्या हवेत. जिवंत काडतूस टंबलरमध्ये जाणार नाही याची शेवटची खात्री इथेच करा.

घरची पितळी भांडी घासायला आपण चिंच-मीठ वापरतो, ते इथे नको. मिठाचा अंश राहिला तर पितळ खातो. आणि अमोनिया असलेला ब्रासोसारखा पॉलिश तर कधीच नको. याचा धडा जगाला मिळाला तो आपल्याच देशात. ब्रिटिश अमलात पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यांमध्ये ठेवत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा मिळून पितळेच्या पुंगळ्यांना न वापरताच तडे जात. त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं, आणि घडवताना पितळात राहिलेला ताण आणि अमोनिया यांचा हा संबंध १९२१ मध्ये उलगडला.

वाळवायला जुना टॉवेल आणि ऊन पुरतं. घाई असेल तर फक्त याच कामासाठी वेगळा ठेवलेला फूड डिहायड्रेटर. घरच्या ओव्हनमध्ये नाही: एक तर शिसं, दुसरं म्हणजे जास्त तापलं तर बुडाचं पितळ मऊ पडतं, आणि बूड कडक असणं हीच पुंगळीची सगळी ताकद आहे.

साठवण आणि बाद माल

झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, प्रत्येक डब्यात चिठ्ठी: माप, हेडस्टॅम्प मिश्र की एकच, क्रिंप काढला की नाही, आणि 'रेंजवरचं' हा शब्द. भरल्यावर किती वेळा भरली तेही त्याच चिठ्ठीवर वाढवत जा.

बाद पुंगळीचं तोंड पकडीने चेपून टाका, म्हणजे ती चुकून पुन्हा ढिगात येणार नाही आणि दुसरं कोणी ती भरणार नाही. साठल्या की भंगारवाल्याकडे द्या. पिवळं पितळ म्हणून किलोवर पैसे मिळतात. आधी फोन करून विचारा, कारण काही ठिकाणी पुंगळ्या घेत नाहीत आणि घेणाऱ्यांना त्यात एकही जिवंत काडतूस चालत नाही.

आणि भारतात जाताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. तिच्या कोपऱ्यात, अस्तराच्या शिवणीत एखादी पुंगळी किंवा काडतूस राहतंच. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि विमानतळावर स्कॅनरमध्ये असं काही दिसलं की गुन्हा नोंदवला जातो. जॅकेटचे खिसे, लॅपटॉपची पिशवी, मुलांनी खेळायला म्हणून उचललेलं काही, सगळं आदल्या दिवशी उजेडात उलटं करून झटका.